जावयाचं तरू

पांढऱ्या माशीवर माझा राग नाही. ती माशी आहे. तिला पोट आहे आणि ते भरायला ती मिरचीच्या पानाखाली बसते, रस ओढते, तिथलं संपलं की उडून दुसऱ्या पानावर जाते. रोगट झाडाचा रस एकदा तिच्या पोटात गेला की मरेपर्यंत ती बसेल तिथं रोग सोडत जाते, पण हे तिला ठाऊक नसतं. तिला भावकी नाही, मानपान नाही, लोक काय म्हणतील याची काळजी नाही. माझा राग आहे तो ज्यांना हे सगळं आहे त्यांच्यावर. ती माझ्याच घरातली माणसं आहेत, त्यामुळं तो राग कुठं नेऊन टाकताही येत नाही.

आमचं गाव कुरुंदवाडपासून जवळ, पंचगंगेच्या काठाला. नदीकडच्या मळीत ऊस आणि गावाच्या वरच्या अंगाला, माळाला, थोडं रान. त्या माळाच्या रानात माझ्या सासूबाई दरवर्षी मिरची करायच्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. मिरचीचं बी त्यांच्या माहेरचं. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरी गेल्या तेव्हा येताना घेऊन आल्या आणि तेव्हापासून एकही वर्ष त्यांनी खंड पडू दिला नव्हता. लांबट, सुरकुतलेली, वाळली की काळपट लाल होणारी मिरची. खाताना तिखट लागत नाही, घास खाली उतरल्यावर लागते. अशी मिरची बाजारात मिळत नाही, कारण बाजाराला जास्त उतारा देणारं वाण लागतं आणि हिचा उतारा कमी. आमच्या घरची वर्षाची चटणी, लोणच्याचा मसाला, जत्रेचा रस्सा, सगळं हिच्यावर.

घरात आत्तींचा शब्द चालतो. नवऱ्याचा चालत नाही, माझा तर प्रश्नच नाही. आत्ती कोणाला भीत नाहीत. पाण्याची पाळी चुकवणारा असो, उसाच्या तोडीला टाळाटाळ करणारा मुकादम असो, दुधाचं फॅट कमी लावणारा असो, त्या तोंडावर बोलतात आणि समोरचा खाली बघत निघून जातो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा धाक वाटायचा, पुढं पुढं अभिमान वाटायला लागला. जगात एकाच माणसापुढं त्यांचा आवाज खाली येतो. तो म्हणजे त्यांचा जावई.

मी सांगतेय त्या वर्षाच्या आदल्या पावसाळ्यात पुरानं आमचं घर धरलं होतं. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा आम्ही म्हशी सोडून वर माळाला गेलो. परत आलो तेव्हा फळीवर ठेवलेला बियांचा डबा चिखलात पालथा पडलेला होता. बियांना कोंब येऊन ते कुजलेही होते. माळावरचं पीकही पाऊस लागून राहिल्यानं मुळातून सडलं. वाचल्या त्या फक्त चुलीच्या वर तुळईला टांगलेल्या थोड्या वाळक्या मिरच्या. दृष्ट काढायला आत्ती तिथं नेहमी टांगून ठेवायच्या. त्यांनी त्या खाली काढल्या, परातीत फोडल्या, बी निवडलं. मूठभर निघालं. आत्ती ते बघत बसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच हाय गं. पुढच्या साली बी धरलं न्हाय तर संपलं." त्यांच्या माहेरचा भाऊ वारला होता, तिथलं रान विकून पोरं पुण्याला गेली होती. म्हणजे दुसरीकडंही कुठं हे बी नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी लग्नाआधी शेतकीची पदविका केलेली आहे. आमच्या घरात तिचा उपयोग मुलगी शिकलेली आहे हे सांगण्यापुरता झाला. पण त्या वेळी मी हट्ट धरला. म्हटलं, आत्ती, बी तुमचं, पण तरू मी करणार. तरू म्हणजे लावणीची रोपं. मी बारीक छिद्रांची जाळी आणली, बांबूच्या कामट्या वाकवून तिचा बोगदा केला, कडा मातीत गाडल्या. मिरचीला बोकड्या रोग येतो तो बहुतेक तरूच्या वाफ्यातच येतो, कारण कोवळ्या रोपावर पांढरी माशी पहिल्यांदा बसते. बोकड्या आला की पान वाटीसारखं वळतं, आखडतं, झाड खुरटतं आणि फळ धरत नाही. त्याला औषध नाही. माणसाच्या सर्दीला नाही तसंच. माशी अडवायची आणि आजारी झाड काढून टाकायचं, एवढे दोनच उपाय. हे मी आत्तींना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, कळलं की मला. किती येळा सांगशील." आणि खरंच त्यांना कळलं होतं. जाळी उघडताना त्या आधी आजूबाजूला हात हलवून माश्या हाकलायच्या. मला हसू यायचं, पण बरं वाटायचं.

तरू देखणं आलं. आषाढात उघडीप बघून आम्ही दोघींनी लावण केली. चारी बाजूंनी मी आधीच मका टोकला होता, म्हणजे माशी वाऱ्यावर आली तर पहिल्यांदा मक्यावर अडकावी. पिवळे चिकट सापळे काठ्यांना बांधले. आमच्या बांधाला लागून असलेला चुलत दीर येता-जाता विचारायचा, "वैनी, पताका कसल्या लावल्यात, लगीन हाय काय मिरचीचं?" मी म्हणायचे, हाय की, तुमाला आमंत्रण न्हाय. लावणीनंतर पावसाच्या मारानं मधली काही रोपं मेली, नांगे पडले, म्हणजे मोकळ्या जागा राहिल्या. ते तसेच राहू द्यायचे असं मी ठरवलं होतं. बियापुरती झाडं पुष्कळ होती.

नणंद पंचमीला आली होती. ती शिरोळच्या बाजूला दिलेली आहे. तिच्या नवऱ्याची रोपवाटिका आहे, म्हणजे ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपं करून विकायचा धंदा. तो तिला न्यायला आला आणि येताना मोटारसायकलच्या मागं मिरचीच्या रोपांचा ट्रे बांधून घेऊन आला. म्हणाला, "मामी, तुमची झाडं गेली म्हणून ऐकलं. म्हटलं सासुरवाडीला रिकाम्या हातानं कशाला जायचं."

मी ट्रे बघितला. रोपं उंच, पिवळट, दिवस उलटून गेलेली. ट्रेला बोट लावलं तर पानाखालून तांदळाची पिठी उडावी तसा पांढरा धुरळा उठला आणि परत बसला. सगळी पांढरी माशी. मी आत जाऊन आत्तींना म्हटलं, हे रानात नेऊ नका. चहा होईपर्यंत इथंच गोणपाटाखाली झाकून ठेवू, मग मी जाळून टाकते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी जावयालाच जाळायची भाषा केली. म्हणाल्या, "जावयानं आणलंय गं. हळू बोल."

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्याकडच्या सासूलाच सुचू शकतं. तो ट्रे नुसता घेऊन बांधाला लावला असता, कडेला परड्यात लावला असता, तरी थोडं निभावलं असतं. पण जावयानं दिलेली वस्तू कोपऱ्यात ठेवत नाहीत. जावई चादर देतो ती पाहुणे आले की वरती अंथरतात, जावयानं दिलेला फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागतो. तसंच जावयाचं तरू रानाच्या मधोमध गेलं. नांगे तिथंच होते म्हणून नव्हे, तर पुढच्या वेळी पाहुणे आले आणि रानात शिरले की समोरच दिसावं म्हणून. नवऱ्यानं खड्डे घेतले. मी घरी होते, मला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रानात गेले तर माझ्या जाळीत वाढवलेल्या पोरींच्या मधोमध ती पिवळी रोपं, बुडाला माती दाबून, पाणी घालून लावलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आईनं सांगितलं."

"आनि तुमाला डोळे हायत काय न्हाईत?"

"तू आनि आई बघून घ्या. मला मधी घेऊ नगा."

माझा नवरा चांगला माणूस आहे. दारू नाही, उधळपट्टी नाही, म्हशींवर जीव आहे. पण घरात काही ठरवायची वेळ आली की तो मूग गिळून गोठ्यात जातो. गोठ्यात जेवढं शहाणपण आमच्या घरातून जाऊन साठलंय तेवढं कुठल्या महाविद्यालयातही नसेल.

गणपतीत पाऊस थांबला आणि ऊन पडायला लागलं. पांढऱ्या माशीला असंच ऊन लागतं. गौरी जेवायच्या आत मधली रोपं वळायला लागली. पानांच्या वाट्या झाल्या, शेंडे गोळा झाले. कडेची आमची झाडं अजून सरळ होती, गर्द हिरवी काळोखी धरलेली, कळ्या लागलेली. तेव्हा उपटलं असतं तर वाचलं असतं. हे मी आज रागात म्हणत नाही, तेव्हाही शांतपणे म्हणाले होते. सकाळी गार असताना, माशी सुस्त असते तेव्हा, मी गोणी घेऊन रानात गेले. आजारी झाड उपटून बांधावर टाकायचं नसतं, कारण ते वाळायला लागलं की त्याच्यावरची माशी उठून शेजारच्या झाडावर जाते. म्हणून झाडावर आधी गोणी घालायची, मग आतल्या आत मुळासकट काढायचं आणि तोंड बांधून बाहेर न्यायचं. मी पहिल्या झाडावर गोणी घातली आणि मागून आत्तींचा आवाज आला.

"हात लावू नगंस."

त्या वैरणीला आल्या होत्या, खुरपं हातात तसंच. मी म्हटलं, आत्ती, बघा की पानं. ह्यात बोकड्या आहे. ही राहिली तर तुमची सगळी जातील.

"दसऱ्याला पावणं येणार हायत. रानात येऊन बघतील. त्यास्नी दावल्याबिगर उपटायचं न्हाय. दिलेलं उपटून टाकलं म्हंजे त्यांच्या तोंडावर मारल्यागत."

"आत्ती, माशीला जावई कळत न्हाय."

"तुला तरी कळू दे," त्या म्हणाल्या आणि गोणी माझ्या हातातून काढून घेतली.

त्या दिवसापासून ती रोगट झाडं आमच्या रानात पाहुण्यासारखी राहिली. त्यांना आधी पाणी, त्यांच्या बुडाला आधी खत. पाहुणे येतील तेव्हा हिरवी दिसावीत म्हणून आत्ती त्यांना युरिया घालायच्या. पान वळलेलं आहे ते खताच्या कमतरतेनं, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. नवऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवलं, तर तो चकचकीत बाटली घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं म्हणे, व्हायरसवरचं आहे, एका फवाऱ्यात पान सरळ होतं. मी बाटली उलटीपालटी करून वाचली. झाडाला टॉनिक, एवढंच त्यात होतं. मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याला विचारलं, हे विषाणूवर कसं चालतं सांगा. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं तर शेजारच्या दुकानातनं घेतंय. मग मीच का देऊ नये?" गावातला प्रत्येक माणूस खरं बोलायला तयार असतो, फक्त आधी खोटं करून झालेलं असतं.

मी एक वेगळा मार्ग काढला. घरातल्या जुन्या पातळ साड्या घेतल्या आणि मधल्या झाडांच्या भोवती काठ्या रोवून त्यांचा आडोसा केला, वरूनही झाकलं. निदान माशी आतल्या आत राहावी. आत्तींना सांगितलं, पावण्यांच्या झाडांना ऊन लागतंय म्हणून मांडव घातला. त्या खूश झाल्या. चुलत दीर बांधावरून बघून म्हणाला, "लगीन झालं वाटतं शेवटी." पण साडीची वीण जाळीसारखी बारीक नसते. आणि त्या आधीच किती उडून गेल्या असतील ते मला दिसत होतं. कडेच्या झाडांच्या शेंड्यावर एकेक पान वळायला लागलं होतं. रोज सकाळी मी जायचे आणि कालचं सरळ झाड आज वळलेलं असायचं. मी एकटी असले की मोठ्यानं शिव्या द्यायचे. जावयाला, माशीला, दुकानदाराला, नवऱ्याला. आत्तींना दिल्या नाहीत, पण तोंडाशी आलेल्या गिळल्या.

दसऱ्याला जावई आला नाही. त्याच्याकडं रोपांची मागणी होती. आत्ती म्हणाल्या, दिवाळीला येतील.

मग एका दुपारी मी भांडले. पूर्ण भांडले. आत्ती सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर उभी राहून म्हटलं, तुमच्या माहेरचं बी आहे, माझ्या नाही. तुमचं तुम्हीच मारताय. घरात एवढ्या वाघिणीसारख्या असता आणि एका माणसापुढं शेळी होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. आणखीही बोलले. आत्ती ऐकत राहिल्या. शेंगा फोडायचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बस खाली."

मी बसले नाही. त्या तशाच सांगायला लागल्या. नणंदेच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी जावयानं बटाट्याचं पोतं पाठवलं होतं. पावसाचे दिवस, पोतं खालून कुजलं, वास यायला लागला. आत्तींनी ते परसात नेऊन उकिरड्यावर ओतलं. त्याच दिवशी जावयाची आई जवळच्या गावी कुणाच्या तरी बारशाला आली होती, ती वाटेत म्हणून डोकावली आणि हात धुवायला परसात गेली. "एक शबुद बोलली न्हाय ती मला," आत्ती म्हणाल्या. "घरी जाऊन माझ्या लेकीला बोलली. तुझ्या आईच्या उकिरड्याला आमचं लागतंय म्हणून. ते किती वर्षं बोलली ते तुला म्हायती न्हाय. दोन पंचम्या लेक दिसली न्हाय मला. पाठवलीच न्हाय तिनं."

मी खाली बसले.

"बी काय, गेलं तर जाईल," त्या म्हणाल्या. "पोरगी तिकडं हाय गं माझी."

मला वाटलं होतं त्यांना कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. रोज वळणारं पान त्यांनाही दिसत होतं, त्यांनी हिशोब करून ठेवला होता आणि त्यात मिरची हरली होती. मला त्यांचा राग येईना. पण राग गेलाही नाही, उलट वाढला आणि त्याला धरायला माणूस उरलं नाही. कोणत्या दुनियेत एका बाईला आपली लेक नीट नांदावी म्हणून आपलं पीक रोगाला घालावं लागतं? जावयाची आई वारूनही चार पावसाळे झाले होते. ती वारली, तिची रीत मात्र आमच्या रानात येऊन उभी राहिली होती, बुडात युरिया घालून घेत.

दिवाळीला जावई आला. भाऊबिजेला नणंदेला घेऊन आला, ओवाळणी झाली, फराळ झाला. आत्तींनी नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं, पाहुण्यांना रानात घेऊन जा. नवरा म्हणाला, "दाजी, रानात जाऊन यायचं का?" जावयानं पाय लांब केले आणि म्हणाला, "आता कुठं उन्हाचं. पुन्ना कवातरी बघू की." आणि मोबाईल काढला.

मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी मी जरा जोरात ठेवली असणार, कारण नणंदेनं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी ते दोघं निघून गेले. त्यानं रान बघितलं नाही. ज्याच्या नजरेसाठी झाडं इतके दिवस राखली, त्याला ती आठवतही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रानात गेले आणि कोणाला न विचारता मधली सगळी उपटली. आत्ती आडव्या आल्या नाहीत. आता काही उपयोग नव्हता. बांधापासून बांधापर्यंत सगळं रान वळलं होतं. फळं लागली ती बोटाच्या पेराएवढी, वाकडी, आणि बहुतेक पिकायच्या आतच गळली. आत्ती बी धरायच्या ते दुसऱ्या तोडणीच्या मिरचीचं, भरदार झाडाचं. तसं एकही झाड नव्हतं. त्यांनी तरी वाकडी फळं गोळा केली, वाळवली, फोडली. आत काळपट, पोचट. फुंकर मारली की उडून जाईल असं. थोडं मडक्यात माती घालून मी टाकूनही बघितलं, उगवलं नाही.

चैत्रात गावची जत्रा झाली. चटणी आम्ही बाजारातल्या मिरचीची केली होती. पहिल्यांदाच. रंग लालभडक आला. आत्तींनी जिभेला लावून बघितली आणि बरणीचं झाकण लावलं. एरवी माझ्या हातच्या कशातही त्या खोट काढतात. त्या दिवशी काढली असती तर मला बरं वाटलं असतं.

जत्रेच्या दिवशी जावई आणि नणंद जेवायला होते. मटणाचा रस्सा. पुरुषांची पंगत बसली, जावई आणि माझा नवरा शेजारी शेजारी, मी आणि नणंद वाढत होतो, आत्ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. जावयानं रस्सा भुरकला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मामी, यंदा रश्श्याला ती चव न्हाय वो. चटणी बदलली काय?"

आत्ती म्हणाल्या, "मिरचीवर रोग पडला पावणं."

"अगं आई गं. मग मला सांगायचं की. आमच्याकडनं तरू नेलं असतं."

नवरा ताटाकडं बघत राहिला. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, गेल्या श्रावणापासूनचं, एकेक वाक्य घासून ठेवलेलं. मी भांडं खाली ठेवलं. पण आधी नणंद बोलली. ती दारात उभी होती, हातात रश्श्याचं पातेलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमच्याच तरूनं घालवलंय ते. शेडच्या दारातला ट्रे हुता. एका गिऱ्हाइकानं परत केलेला. मला तवाच कळलंतं, मी बी बोलले न्हाय. हितं बी कुणी बोललं न्हाय. माझ्यामुळं."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. इतकी वर्षं सगळे जिला जपत होते, तिला कोणी विचारलंच नव्हतं की बाई, तुला असं जपून घ्यायचंय का. मीही विचारलं नव्हतं.

जावई तिच्याकडं बघत राहिला, मग आत्तींकडं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. गोंधळलेल्या माणसाचा होता. म्हणाला, "शिल्लक हुतं, टाकून द्यायचं कशाला म्हणून आणलंतं. पण रोग पडल्यावर उपटायचं की मामी. मला काय इचारायचं त्यात? मी रोज ट्रेच्या ट्रे उपटून टाकतोय. मला वाटलं तुमास्नी आवडलं म्हणून ठेवलंय."

तो खरं बोलत होता की वेळ मारून नेत होता, हे मला आजही सांगता येत नाही. खोटं असेल तर तो माणूस वाईट. खरं असेल तर आमच्यासारखी मूर्ख माणसं नाहीत. एक शब्द विचारला असता तर ते बी आज आमच्या घरात असतं. मी त्याला उभ्या पावसाळ्यात मोजून न होतील एवढ्या शिव्या दिल्या होत्या, आणि आता त्याच्यावर नीट रागावताही येईना.

मग आत्ती उठल्या. तव्यावरची फुगलेली भाकरी उचलली, तिच्यावर तूप घातलं आणि येऊन जावयाच्या ताटात वाढली. म्हणाल्या, "असू दे पावणं. तुमी जेवा."

त्यानं भाकरी मोडली. आणि मला सगळ्यात जास्त राग त्या भाकरीचा आला.